पहिला बिल्ला

"म्हणजे बिल्लाच की गं हा," आबाजी म्हणाले.

संजना बोलायची थांबली. बराच वेळ ती सासऱ्यांना स्टेबलकॉइन म्हणजे काय ते समजावत होती. गिरणीतल्या टेबलावर कोंड्याची धूळ बसली होती, तिच्यात तिने बोटाने चार गोल काढले होते. पहिला मोंबाशाचा, शेवटचा कर्जतच्या बँकेचा, आणि मधले दोन कशाचे हे सांगता सांगता तिचीच दमछाक झाली होती.

"कसला बिल्ला, बाबा?"

आबाजींनी गल्ल्याचा खण ओढला आणि पत्र्याची एक चकती काढून तिच्या गोलांच्या मधोमध ठेवली. मधे भोक, कडेला ठोकलेले तीन ठिपके. "हा."

लग्न होऊन कशेळ्याला आल्यापासून संजना हे बिल्ले बघत आली होती. गिरणी आबाजींच्या वडिलांनी घातलेली. सुगी झाली की वरच्या वाड्यांतली माणसं डोक्यावरून भात घेऊन खाली यायची. भरडून झालेला तांदूळ एकदम परत न्यायचा म्हणजे पुन्हा तेवढंच ओझं घेऊन डोंगर चढायचा, आणि घरी ठेवायला जागा नाही, उंदरांचा त्रास. मग भात गिरणीच्याच बांबूच्या कणगीत राहायचं आणि माणसं बिल्ले घेऊन जायची. एक बिल्ला म्हणजे एक पायली तांदूळ. लागेल तेव्हा बिल्ला आणायचा, तांदूळ न्यायचा. हळूहळू बाजारातले दुकानदार मिठाला, रॉकेलला, चहाला बिल्ला घेऊ लागले, कारण त्यांनाही तांदूळ लागायचाच. आता दुकानादुकानांत फोनने पैसे घ्यायचे काळे-पांढरे चौकोन चिकटले होते, तरी ज्या वाड्यांना रेंज नव्हती तिथली माणसं अजून बिल्लाच मागत.

"याची किंमत वर-खाली होत नाही, कारण याच्यामागे कणगीत भात आहे," आबाजी म्हणाले. "तुझ्या त्या कॉइनच्या मागे डॉलर असतो म्हणालीस."

"हो. एक कॉइन, एक डॉलर. म्हणून तर स्टेबल."

"मग त्याची कणगी कुठं आहे?"

संजना हसली. "अमेरिकेत. थोडे डॉलर बँकेत असतात, बाकीचे तिथल्या सरकारच्या रोख्यांत."

"कुणी उघडून बघितलीय?"

"दर महिन्याला तपासणारे लोक रिपोर्ट देतात. कुणालाही वाचता येतो."

"म्हणजे वाचायला मिळतं. बघायला नाही."

"बाबा, मोंबाशाचा आपले पोहे घेणारा दुकानदार कणगी बघायला अमेरिकेला जाईल का?"

आबाजी ओशाळले. प्रश्न विचारला की तो बावळटासारखा तर नव्हता ना, अशी शंका त्यांना लगेच यायची. "नाही गं, मी आपलं सहज म्हटलं," असं पुटपुटत त्यांनी बिल्ला उचलून खणात टाकला. प्रश्न मात्र खणात गेला नाही.

संजना दहिवलीची. खाद्यपदार्थांचं शिकलेली. लग्नानंतर वर्षभरात तिने गिरणीच्या मागच्या अंगाला पोह्यांची भट्टी घातली आणि इथल्या लाल भाताचे पोहे काढायला सुरुवात केली. पुण्याच्या एका प्रदर्शनात ते आफ्रिकेतल्या मोंबाशाच्या रमणीकभाईंनी चाखले. त्यांची तिकडे किराण्याची तीन दुकानं. त्यांनी नमुना म्हणून थोडा माल मागवला, माल पोचला, खपला. पैसे मात्र कुठल्या कुठल्या बँकांच्या दारात बसत-उठत आले, आणि प्रत्येकाने आपला घास काढून घेतल्यामुळे संजनाच्या हाती आला तो भट्टीचा खर्च. आता रमणीकभाईंना मोठी खेप हवी होती. पण तिकडे बँकेत डॉलरसाठी रांग, म्हणून पैसे स्टेबलकॉइनने देतो म्हणत होते. पुण्यातली एक परवानाधारक कंपनी ते कॉइन घेऊन, परदेशात त्याचे डॉलर करून, इथल्या बँकेत रुपये पोचवते असं संजनाने शोधून काढलं होतं. पोह्यांची पोती बांधून तयार होती. शनिवारी न्हावा शेव्याच्या बंदरात जायला टेंपो ठरला होता, आणि पैसे दिसल्याशिवाय टेंपो हलणार नाही असं घरात ठरलं होतं.

त्याच आठवड्यात खालापूरच्या एका बिस्किटांच्या कारखान्याने संजनाला नोकरी देऊ केली होती. सोमवारपर्यंत उत्तर हवं होतं. किरण, तिचा नवरा, खालापूरलाच कामाला जायचा. त्याचं म्हणणं सरळ होतं: ही खेप गेली तर भट्टी चालव, नाही गेली तर नोकरी घे. संजनालाही ते पटलं होतं. आबाजी यावर काहीच बोलले नव्हते. पण ती गेली तर गिरणीत पट्ट्याचा आवाज तेवढा राहील, आणि प्रश्न विचारायला कुणी उरणार नाही, हे त्यांना चांगलं कळत होतं.

गिरणी आबाजींच्या नावावर, म्हणून त्या कंपनीतलं खातंही त्यांच्याच नावाने आणि त्यांच्याच फोनवर उघडावं लागलं. खातं उघडताना संजना 'मान्य आहे' वर बोट ठेवा म्हणाली, तर यांनी आधी अटी वाचायला घेतल्या. पुढचे दोन दिवस जेवताना, अंगणात, भट्टीजवळ, ते अटी वाचत होते. त्यांना त्यात इतकी गोडी लागली की 'ग्राहकाचा मृत्यू झाल्यास' हे कलम त्यांनी बायकोला, सुंदराबाईंना, मोठ्याने वाचून दाखवलं.

"मेल्यावर सुद्धा फोन सोडणार नाय तुमी," सुंदराबाई म्हणाल्या आणि भाजी चिरत राहिल्या.

बुधवारी सासरा-सून कर्जतला बँकेत गेले. परदेशी व्यवहार बघणाऱ्या सुरभी मॅडम वयाने लहान होत्या, आणि माणूस समोर आला की आधी संगणकाकडे बघायची त्यांना सवय होती.

"हे कॉइन, म्हणजे टोकन, आमच्या बँकेत येत नाही, आणि त्याचे नियम अजून पूर्ण झालेले नाहीत," त्या म्हणाल्या. "तुमच्या कंपनीने परदेशात टोकन मोडायचं, पैसे बँकेमार्फत आणायचे आणि ते कशाचे आहेत याचा कागद द्यायचा. आमच्या दारात येईल तेव्हा तो पैसा असला पाहिजे. एवढंच."

संजनाला हवं होतं ते उत्तर मिळालं. ती उठली. आबाजी उठले नाहीत.

"मॅडम, एक विचारू? वेळ नसेल तर राहू द्या."

"विचारा ना, काका."

"मोंबाशाहून निघतं तेव्हा ते टोकन असतं. इथं पोचतं तेव्हा पैसा. मग टोकन प्रवास करतं तो कुठून कुठं?"

सुरभी मॅडमनी पहिल्यांदा संगणकावरून नजर काढली. "टोकन प्रवास करतच नाही, काका. जगभरच्या हजारो कॉम्प्युटरवर एकच यादी असते. कुठलं टोकन कुणाचं, एवढंच तिच्यात बदलतं."

"म्हणजे बिल्ला जागचा हलत नाही. मालक हलतो."

"तसंच काहीसं."

"मग फोनवर टोकन ठेवतात त्याला पाकीट कशाला म्हणतात?" शेजारच्या खिडकीतला कॅशियर पैसे मोजायचे थांबवून म्हणाला. "पाकिटात काही नसतंच की!"

"असं कसं, त्याची किल्ली असते," संजना म्हणाली.

"किल्ली असेल तर ते कुलूप झालं. पाकीट कुठं झालं?"

"ओ साहेब, त्ये कुलूप नंतर लावा, आदी आमचं बगा," रांगेतून आवाज आला, आणि कॅशियर नाइलाजाने नोटांकडे वळला. परतीच्या जीपमध्ये आबाजी खिडकीला डोकं टेकून बसले होते. जागचा न हलणारा बिल्ला त्यांना डोळ्यांपुढे आणता येत नव्हता, आणि येत नव्हता म्हणूनच सोडवतही नव्हता.

जीप कशेळ्याला थांबते तिथेच नागूचं चहाचं दुकान. संजना पुढे गेली, आबाजी बाकड्यावर टेकले.

"काय आबा, ऐकतोय त्ये खरं का?" नागू चहा गाळता गाळता म्हणाला. "आता आमेरिकेचे बिल्ले घेनार तुमी?"

"बिल्ले अमेरिकेचे, देणारा आफ्रिकेचा."

"आन् पोहे आमच्या कशेळ्याचे! लय झालं. मंग माज्या च्याचे पैसे बी त्यातच द्या. सुट्टे हायत का पर?"

बाकड्यावरचे दोघे-तिघे हसले. आबाजीही हसले. नागूच्या दुकानातल्या देव्हाऱ्यापाशी खिळ्याला एक बिल्ला टांगलेला होता. सुगीचा पहिला बिल्ला या वर्षी नागूने आणला होता. आबाजींनी त्याला पायलीभर तांदूळ मोजून दिला आणि वर तोच बिल्ला त्याच्या हातावर परत ठेवला. ही गिरणीची रीत. आबाजी लहान असताना एका वर्षी गावात कुणीतरी उठवलं, की कणगीला वाळवी लागली, भात गेलं. बाजाराच्या दिवशी झुंबड उडाली. वडिलांनी वाद घातला नाही, कणगीचं तोंड उघडलं आणि पुढच्या माणसाला तांदूळ देऊन बिल्लाही परत दिला. "हा ठेव, उद्या पुन्हा ये," म्हणाले. ते बघून निम्मी माणसं तांदूळ न घेताच घरी गेली. तेव्हापासून दर सुगीला, आणि गिरणीशी नवा व्यवहार करणाऱ्या प्रत्येकाला, पहिला बिल्ला परत मिळायचा. त्याचं नुकसान गिरणीने सोसायचं.

"त्या आफ्रिकावाल्याला बी पहिला परत द्याया लागंल मंग," नागू म्हणाला. "नायतर म्हनंल, कशेळ्याचे लोक आमालाच येगळा न्याय लावतात."

नागू हे हसण्यावारी बोलला. आबाजींनी मात्र ते मनात ठेवलं.

गुरुवारी संजना मालाच्या तपासणीचा दाखला आणायला कर्जतला गेली. जाताना म्हणाली, "रमणीकभाई आज ट्रायल म्हणून दहा डॉलरचे कॉइन पाठवणार आहेत. आले की मला फोन करा."

दुपारी गिरणी बंद होती. आबाजींनी फोन टेबलावर उभा करून ठेवला होता आणि त्याच्याकडे दूध उतू जाईल की काय अशा नजरेने बघत बसले होते. मोंबाशाहून रमणीकभाईंचा निरोप आला, "भेजा है, देखो." निरोप वाचून चष्मा वर करेपर्यंत फोन वाजला. दहा आले होते. समुद्रापलीकडचा माणूस बोट टेकवतो काय आणि इथे कोंड्याच्या धुळीत दहा डॉलर उमटतात काय! त्यांना इतका आनंद झाला की ते उठून भट्टीपर्यंत जाऊन आले. सांगायला कुणी नव्हतं. संजनाला फोन लावला, ती उचलेना. पुन्हा लावला.

मग ते खुर्चीत बसले आणि त्यांना पहिला बिल्ला आठवला. रीत अशी, की तो त्याच दिवशी परत जायला हवा. पडद्यावर 'रुपये करा' असा एक चौकोन होता आणि त्याखाली 'कॉइन पाठवा' असा दुसरा. कुणाच्या मदतीशिवाय आपल्याला हे जमतंय का बघू, असंही वाटलंच. त्यांनी दुसरा चौकोन दाबला. कुठे पाठवायचे, असं फोनने विचारलं. दहा ज्या पत्त्यावरून आले तो पत्ता खाली दिसत होता: अक्षरं आणि आकडे यांची लांबलचक माळ. ज्या हातातून आला त्या हातात. आबाजींनी ती माळ बोटाने दाबून धरली, उचलली आणि वर नेऊन ठेवली. दहा गेले.

संजना आली ती दाखल्याचा कागद हवेत हलवतच. "फोन आत जमा करून घेतले होते हो. आले का?"

"आले. चष्मा वर करेपर्यंत आले! आणि परतही गेले."

"परत? कुठं परत?"

आबाजींनी सांगितलं. सांगताना सुरुवातीला त्यांचा आवाज उत्साहाचा होता, शेवटी शेवटी तो बारीक झाला, कारण संजना पोत्यावर बसली होती आणि कागद तिच्या मांडीवरून खाली घसरला होता. तिने रमणीकभाईंना फोन लावला. फोनमधला आवाज गिरणीभर ऐकू येत होता.

"वापस? मेरे को कुछ नहीं मिला, बेन! कौन से पते पे भेजा? अरे, वो मेरा पता नहीं है, वो तो एक्सचेंज का पता है!"

फोन ठेवून संजना सावकाश बोलली. "बाबा, रमणीकभाई आपले कॉइन तिकडच्या एका मोठ्या कंपनीत ठेवतात. ती कंपनी सगळ्यांचे एकाच पेटीत ठेवते आणि त्याच पेटीतून पाठवते. तुम्ही त्या पेटीत टाकलेत. आता हे कुणाचे, हे पेटीला कळत नाही."

"नाव नसतं त्यावर?"

"नसतं."

"नाव तर आपल्या बिल्ल्यावर पण नसतं," आबाजी हळूच म्हणाले.

"पण तुम्ही बिल्ला हातात घेतला की त्याच्या पोच्यावरून सांगता ना, हा नागूचा, हा धाऊचा! पेटी कुठून सांगणार?"

तेवढ्यात फोन वाजला. पुण्याच्या कंपनीचा निरोप होता. आलेली रक्कम तत्काळ आल्या पत्त्यावर परत गेल्यामुळे खातं तपासणीसाठी थांबवलं आहे. संजनाने तो वाचला, पुन्हा वाचला. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "शनिवारी टेंपो यायचाय. खातं बंद. मी उद्या खालापूरला हो म्हणून कळवते, बाबा. सोमवारपर्यंत कशाला थांबवायचं त्यांना?" आणि खाली पडलेला दाखला उचलून, झटकून, तिने तो घडी न मोडता टेबलावर ठेवला.

शुक्रवारी सकाळी आबाजींनी कंपनीला फोन केला. अनोळखी माणसाशी फोनवर बोलायचं म्हणजे त्यांना आधी पाठांतर लागायचं. काय बोलायचं ते त्यांनी आंघोळ करताना तीनदा म्हणून बघितलं होतं, सुंदराबाईंनी बाहेरून विचारलंही, "कुनाशी बोलताय?" पण फोन लागल्यावर पहिलं वाक्यच ते विसरले.

पलीकडे समिधा नावाची तपासणी अधिकारी होती. "सर, रक्कम परत पाठवण्याचं कारण? माझ्याकडे पर्याय आहेत. भेट, कुटुंबाचा खर्च, माल नापसंत, चुकून."

"यातलं कुठलंच नाही, मॅडम."

"मग?"

"रीत म्हणून."

पलीकडचा कीबोर्ड थांबला. "सर, 'रीत' असा पर्याय नाहीये."

"ते दिसतंच आहे. तुमच्या अटींत पण नव्हतं. मी सगळ्या वाचल्यात."

"सगळ्या?" ती म्हणाली. मग आवाज जरा बदलला. "सर, मी नोकरीला लागल्यापासून सगळ्या वाचलेला माणूस मला भेटला नव्हता. सांगा काय रीत आहे ती."

आबाजींनी सांगितलं. अडखळत, मागे-पुढे करत, वाळवीची अफवा आधी आणि बिल्ला म्हणजे काय ते नंतर. सगळं ऐकून समिधा म्हणाली, "मला हे नोंदवायचं तर पुरावा लागेल. तुमची व्हिडिओवर पडताळणी करावी लागेल, आणि तुमच्या ग्राहकाचं लेखी म्हणणं. दुपारी व्हिडिओ सुरू ठेवा."

संजनाने रमणीकभाईंकडून लेखी म्हणणं मागवलं. दुपारी तिने फोन धरला. आबाजींनी स्वच्छ सदरा घातला होता. नागूला निरोप गेला होता. तो चहाचं दुकान बायकोवर टाकून, खिळ्यावरचा बिल्ला घेऊन हजर झाला, आणि फोनपुढे अंगरखा ताठ करून उभा राहिला.

"आपलं नाव?" समिधाने विचारलं.

"नागू. च्यावाला. पैलेच सांगतो बाय, मी काय आबांचा पावना नाय. मला खोटं बोलून काय मिळनार नाय."

"बिल्ला तुमचा?"

"व्हय. पैला बिल्ला. तांदूळ पन मिळाला आन् ह्यो पन मिळाला. ह्यो आता दिवाळीपतुर देव्हाऱ्यात ऱ्हातो."

"मग तुम्ही तो पुन्हा देऊन आणखी तांदूळ नाही घेत?"

नागूने बिल्ला मुठीत धरला. "कशाला? आमाला म्हायती हाय ना, घेतला तर मिळंल."

समिधा पुढे काहीतरी लिहीत होती. मग म्हणाली, "सर, कणगी दाखवता येईल? हे पडताळणीत नाही. मला बघायचीय."

संजनाने फोन आत नेला. कणगीचा बांबूचा घेर फोनमध्ये मावेना. आबाजींनी झाकण सरकवलं, हात कोपरापर्यंत भातात खुपसला आणि मूठ भरून पडद्यापुढे धरली. दाणे बोटांतून गळत होते.

"आता मी एक विचारू?" ते म्हणाले. "तुमच्या कंपनीतून कुणी ती अमेरिकेची कणगी बघून आलंय का?"

"नाही, सर. आम्ही रिपोर्ट वाचतो."

"पूर्ण?"

समिधा हसली. "आज वाचते." आणि पुढे म्हणाली, "एक सांगू का? या धंद्यात सगळ्यांना एकच भीती असते, की एके दिवशी सगळे एकदम दारात येतील. पहिला परत द्यायचं मात्र कुणी कधी मनात आणलेलं ऐकलं नाही."

संध्याकाळी खातं सुरू झालं. दहा डॉलर मात्र पेटीतच राहिले. तिकडच्या कंपनीकडे अर्ज करून ठेवा, मिळाले तर मिळाले, असं समिधाने कळवलं.

शनिवारी सकाळी टेंपो गिरणीपुढे येऊन उभा राहिला. ड्रायव्हर कमळ्या स्टिअरिंगवर पाय टाकून बसला होता. "वहिनी, पोहे भरायचेत का नुसतं बघायला बोलवलंय?" फोन वाजला. कॉइन आले होते, आणि त्यामागोमाग रमणीकभाईंचा आवाज: "देखो बेन, ट्रायल के दस डॉलर मैंने बिल में से काट लिए हैं। मेरे पास से तो गए ना? और काकाजी को बोलना, बोणी वापस करनेवाला आदमी मैंने चालीस साल के धंधे में नहीं देखा। कच्चा धंधा है, लेकिन आदमी पक्का है।"

"कापले दहा डॉलर," संजना म्हणाली. गेल्या दोन दिवसांत ती पहिल्यांदाच हसत होती. "व्यापारी तो व्यापारीच!"

"बरोबरच आहे त्याचं," आबाजी म्हणाले. "पहिल्याचं नुकसान गिरणीनेच सोसायचं असतं. आता तू त्यांचे आधी रुपये कर. बिल्ला दुसऱ्याच्या कणगीचा, आपण रात्रभर हातात ठेवायचा नाही."

तिने 'रुपये करा' दाबलं. दुपारी बँकेतून सुरभी मॅडमचा फोन आला, पैसे दारात आलेत आणि कागदही आलाय. कमळ्याने पाय खाली घेतले. पोती चढली, दोर आवळले, आणि टेंपो कर्जतच्या रस्त्याला लागला.

आबाजी टेबलाशी येऊन बसले आणि फोनशी झटू लागले. 'अधिकृत व्यक्ती जोडा' असा एक चौकोन त्यांनी अटींत वाचला होता, तो आता सापडत नव्हता. सापडला तेव्हा त्यांनी फोन संजनापुढे सरकवला. "इथं तुझं नाव घाल. मी बोट ठेवतो. म्हणजे पुढच्या वेळी मी काही दाबायच्या आधी तुला कळेल." मग तिच्याकडे न बघता म्हणाले, "अर्थात, तू असशील तर. खालापूरला कळवलंस का?"

"काल सकाळी कळवणार होते," संजना म्हणाली. "पण तुम्ही न्हाणीघरात त्या मॅडमशी बोलायची तालीम करत होता. ते ऐकत बसले, राहूनच गेलं." तिने आपलं नाव घातलं. मग स्वतःचा फोन काढून अंगणात गेली आणि खालापूरच्या माणसाला, फार आढेवेढे न घेता, येत नाही म्हणून सांगून आली.

परत आली तेव्हा आबाजी पडद्यावर वाकले होते. तो पेटीचा लांबलचक पत्ता कुणालाही उघडून बघता येतो, हे त्यांना नुकतंच सापडलं होतं. ओळीखाली ओळ सरकत होती. कुठून कुठून येत होते, कुठे कुठे जात होते, क्षणभर उसंत नव्हती.

"काय बघताय, बाबा?"

"कणगी बघायला मिळत नाही म्हणालो होतो ना, पण ही ये-जा दिसते की गं. यात आपले दहा कुठले, ते ओळखू येतंय का बघतोय."

"येतंय का?"

आबाजींनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला आणि पुन्हा लावला. "नाही. सगळे सारखेच. एकालाही पोचा नाही." तिने स्टूल ओढलं आणि तीही शेजारी बसून बघू लागली.